मोठ्या मुक्तस्रोत प्रकल्पाचे डॉक्युमेंटेशन : नवी पाने लिहिण्याआधी जुनी पाने खरी ठेवूया

धागालेखक, देवगड

सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि रायगड या तिन्ही जिल्ह्यांत क्यूजीआयएस हे नकाशे करण्याचे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर वापरणारी मंडळी आहेत. कोणी आंबा-काजूच्या बागांचे नकाशे करते, कोणी पाणलोटाची कामे आखते, कोणी ग्रामपंचायतीसाठी विहिरी आणि पाखाड्यांची नोंद ठेवते, तर कोणी महाविद्यालयात भूगोल शिकवते. अडले की आपण इथे विचारतो, कोणीतरी उत्तर देते, आणि ते उत्तर इथेच राहून जाते. ते उत्तर प्रकल्पाच्या अधिकृत माहितीपुस्तिकेत पोहोचले पाहिजे, असे मला वाटते. त्याहीआधी, पुस्तिकेत आज जे छापलेले आहे ते आजच्या आवृत्तीशी जुळते की नाही, हे पाहण्याची जबाबदारी वापरणाऱ्यांनी, म्हणजे आपणच, उचलली पाहिजे.

प्रकल्पाची रचना ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. गॅरी शर्मन यांनी २००२ मध्ये सुरू केलेल्या या प्रकल्पाची नवी आवृत्ती साधारण दर चार महिन्यांनी येते आणि वर्षातून एक आवृत्ती दीर्घ मुदतीची म्हणून जाहीर होते. माहितीपुस्तिका प्रसिद्ध होते ती फक्त दीर्घ मुदतीच्या आवृत्तीची. मधल्या काळातले बदल ‘टेस्टिंग’ नावाच्या चालू प्रतीत साठत जातात. प्रोग्रामरने नवी सोय केली आणि तिच्या पुल रिक्वेस्टवर, म्हणजे बदल स्वीकारण्याच्या विनंतीवर, डॉक्युमेंटेशन हवे असल्याचे लेबल लावले, की ती विलीन होताच डॉक्युमेंटेशनच्या रिपॉझिटरीत, म्हणजे त्याच्या फायलींच्या सामायिक साठ्यात, आपोआप एक इश्यू, म्हणजे कामाची नोंद, उघडतो. त्यामुळे नवी सोय निदान कोणाच्या तरी यादीत येते. जुन्या पानाच्या वाट्याला ही व्यवस्था फारशी येत नाही. एखादा पर्याय दुसऱ्या टॅबमध्ये गेला, मेनूचे नाव बदलले किंवा आधी रिकामी असलेली चौकट आता भरलेली येऊ लागली, तर इतक्या लहान बदलाला लेबल लावणे सहज राहून जाते, आणि पान कोणाच्याही लक्षात न येता चुकीचे होऊन बसते. ते चुकीचे आहे हे पहिल्यांदा कळते ते पान समोर ठेवून काम करणाऱ्याला, आणि तो बहुधा स्वतःलाच दोष देऊन पुढे जातो.

आपल्याच किनाऱ्यावरचे एक उदाहरण घेतो. सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या १९९१ च्या अधिसूचनेपासून भरतीरेषेच्या जमिनीकडील ५०० मीटरचा पट्टा आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. भरतीरेषेचा लेयर, म्हणजे नकाशाचा थर, अक्षांश-रेखांशात असताना बफरच्या, म्हणजे ठरावीक अंतराचा पट्टा आखण्याच्या, खिडकीत कोणी ५०० हा आकडा टाकला, तर तो मीटर नसून अंश धरला जातो. उत्तर-दक्षिण मोजले तर एक अंश सुमारे १११ किलोमीटरचा असतो, म्हणजे येणारे उत्तर काय असेल ते सांगायला नको. आकड्याच्या शेजारी एकक दाखवलेले असते आणि इशाऱ्याची खूणही असते, पण घाईत ती नजरेतून सुटते. या माणसाला पुस्तिकेतून चार वेगवेगळ्या गोष्टी हव्या असतात. आकडा लेयरच्या एककात घेतला जातो, हे त्याला संदर्भाच्या पानावर सापडले पाहिजे. आधी लेयर यूटीएम ४३ उत्तर या मीटरमध्ये मोजणाऱ्या निर्देशांक प्रणालीत, म्हणजे ईपीएसजी क्रमांक ३२६४३ मध्ये न्यावा आणि मग बफर काढावा, ही कृती त्याला क्रमाने दिसली पाहिजे. अंश आणि मीटर यांत हा फरक का पडतो, याचे विवेचन कुठेतरी शांतपणे वाचायला मिळाले पाहिजे. आणि अगदी नवख्याला पहिल्यांदा हात धरून नेणारा पाठही हवा. डॅनिएले प्रोचिदा यांनी ‘डायटॅक्सिस’ या नावाने जी चौकट मांडली आहे ती याच चार प्रकारांची आहे. एकाच पानात चारही कोंबले की पान लांबते, आणि लांबलेले पान तपासायला कोणी धजावत नाही.

म्हणून माझी सूचना अशी की प्रत्येकाने आपल्या रोजच्या कामातले एक पान दत्तक घ्यावे, त्यातली प्रत्येक पायरी सध्याच्या आवृत्तीत स्वतः करून पाहावी, आणि जिथे पान आणि पडदा यांचा मेळ बसत नाही तिथे दुरुस्ती पाठवावी. नवे प्रकरण लिहायची हौस असणाऱ्यांनी ते नंतर जरूर लिहावे.

प्रतिसाद, दापोली

विषय महत्त्वाचा आहे आणि तो मांडल्याबद्दल आभार. मात्र माझा अनुभव निराळा आहे. माझ्याकडे येणारे विद्यार्थी शेतकरी कुटुंबांतले आहेत. हुशार आहेत, पण इंग्रजी पान समोर आले की तिसऱ्या ओळीला थांबतात. त्यांच्यासाठी जुने इंग्रजी पान खरे आहे की खोटे, हा प्रश्न येतच नाही, कारण ते पान त्यांच्यापर्यंत पोहोचलेलेच नसते. आपल्यातल्या दहा-बारा जणांनी मिळून मराठी भाषांतर हाती घेतले तर त्याचा उपयोग अधिक होणार नाही का? दुरुस्तीचे काम जगभरातले लोक करतीलच. मराठीचे काम आपल्याशिवाय दुसरे कोणी करणार नाही.

धागालेखक, देवगड

ताई, तुमचे शेवटचे वाक्य मला पूर्ण मान्य आहे, आणि भाषांतराला माझा विरोध मुळीच नाही. पण भाषांतर कसे साठवले जाते हे पाहिले तर क्रम का महत्त्वाचा आहे ते कळेल.

ही पुस्तिका स्फिंक्सवर, म्हणजे साध्या मजकुराच्या फायलींतून पाने तयार करणाऱ्या साधनावर, बांधली जाते. गेऑर्ग ब्रांडल यांनी पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेच्या डॉक्युमेंटेशनसाठी हे साधन तयार केले आणि २००८ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. स्फिंक्स मूळ मजकूर परिच्छेदापरिच्छेदाने सुटा करतो आणि गेटटेक्स्ट या भाषांतरपद्धतीच्या फायलीत प्रत्येक इंग्रजी परिच्छेदासमोर भाषांतराची जागा ठेवतो. क्यूजीआयएसमध्ये या जागा ट्रान्सिफेक्स या भाषांतराच्या संकेतस्थळावर भरल्या जातात. जोडी जुळते ती इंग्रजी मजकूर अक्षरशः तोच असेल तरच. मूळ परिच्छेदात एक स्वल्पविराम जरी बदलला तरी ती जोडी तुटते, भाषांतर संशयित ठरते किंवा नव्याने करावे लागते, आणि तोपर्यंत मराठी पानाच्या मधोमध तो परिच्छेद इंग्रजीत दिसतो. म्हणजे जे पान आधीच जुने झाले आहे त्याचे भाषांतर आज केले आणि उद्या मूळ दुरुस्त झाले, तर तुमच्या विद्यार्थ्यांचे कष्ट वाया जातील. एखादे पान आधी तपासून, दुरुस्त करून, ती दुरुस्ती विलीन झाल्यावर त्याचे मराठी केले, तर ते टिकण्याची शक्यता कितीतरी वाढते.

याच कारणासाठी दुरुस्ती करणाऱ्यांनाही एक विनंती आहे. केवळ वाक्य अधिक सुबक करण्यासाठी इंग्रजी मजकुराला हात लावू नये. आपल्या एका सुबक वाक्याची किंमत प्रत्येक भाषेच्या भाषांतरकाराला मोजावी लागते. अर्थ चुकत असेल, पायरी गळली असेल किंवा वाचणारा अडत असेल, तरच बदल करावा.

प्रतिसाद, मालवण

मला व्यावहारिक अडचण मांडायची आहे. आमच्याकडे पावसाळ्यात वीज कधी जाईल आणि रेंज कधी येईल याचा भरवसा नसतो. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळानंतर उत्तर कोकणातल्या कित्येक गावांनी दीर्घकाळ अंधारात काढला, आणि पुढच्याच वर्षीच्या मे महिन्यात तौक्ते आमच्या दारावरून गेले. अशा ठिकाणी पुस्तिका ऑनलाइनच वाचायची आणि ऑनलाइनच दुरुस्त करायची म्हटले तर काम पुढे सरकणार नाही. संपूर्ण रिपॉझिटरी उतरवून घ्यायची तर चित्रांमुळे ती फार जड आहे. यावर काय करावे?

धागालेखक, देवगड

पुस्तिका आपल्या यंत्रावर बांधता येते, हाच त्यावरचा उपाय, आणि आपल्या भागासाठी तो विशेष मोलाचा आहे. गिट या फायलींचे बदल सांभाळणाऱ्या साधनाने क्लोन करताना, म्हणजे रिपॉझिटरीची प्रत उतरवताना, डेप्थ एक हा पर्याय द्यावा, म्हणजे जुना सगळा इतिहास न येता फक्त आजची स्थिती उतरते. रेंज असेल तेव्हा, शक्यतो रात्री, एवढे एकदा करून घ्यावे. नंतर पायथॉनचे स्वतंत्र वातावरण तयार करून रिक्वायरमेंट्सच्या फायलीत दिलेली पॅकेजेस बसवावीत. यालाही एकदाच नेट लागते. त्यापुढे ‘मेक एचटीएमएल’ हा आदेश दिला की संपूर्ण पुस्तिका बिल्डच्या फोल्डरात तयार होते आणि नेटशिवाय ब्राउझरमध्ये उघडते. पहिली बांधणी वेळ घेते. दुसऱ्या वेळेपासून स्फिंक्स फक्त बदललेल्या फायली पुन्हा वाचतो, त्यामुळे एक परिच्छेद बदलून निकाल पाहायला फार थांबावे लागत नाही. या उथळ क्लोनमध्येच ब्रांच, म्हणजे कामाची वेगळी शाखा, काढावी, बदल कमिट करून, म्हणजे नोंदवून, ठेवावा आणि रेंज आली की ती आपल्या फोर्कवर, म्हणजे गिटहब या संकेतस्थळावरील आपल्या प्रतीवर, पुश करावी. अशी बांधलेली प्रत पेनड्राइव्हवर घालून शाळा-महाविद्यालयांना देता येते, हा आणखी एक फायदा.

दुरुस्ती दोन-चार शब्दांचीच असेल तर यातले काहीही लागत नाही. गिटहबवर ती फाइल उघडून ब्राउझरमधूनच बदल पाठवता येतो.

बांधणी चालू असताना पडद्यावर येणारे इशारे मात्र नीट वाचावेत. दुव्याचे लेबल सापडत नाही, शीर्षकाखालची रेघ शीर्षकापेक्षा आखूड आहे, हे पान कोणत्याही अनुक्रमणिकेत नाही, असे इशारे स्फिंक्स स्वतः देतो. डब्ल्यू हा पर्याय दिला तर प्रत्येक इशारा चूक मानून बांधणी अपयशी ठरवली जाते, आणि मोठ्या प्रकल्पाला अशी शिस्त केवळ परवडते असे नाही, तर ती लागतेच. शेकडो पानांत कोणी एका प्रकरणाचे लेबल बदलले तर त्याकडे बोट दाखवणारी इतर पाने कोणती, हे माणसाच्या लक्षात राहणे शक्य नाही. तुटलेले बाहेरचे दुवे शोधण्यासाठी लिंकचेक नावाची वेगळी बांधणी आहे; ती मात्र नेट चांगले असतानाच चालवावी.

प्रतिसाद, चिपळूण

मी लिनक्स कर्नेलचे, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचे, डॉक्युमेंटेशन बरीच वर्षे वाचत आलो आहे, म्हणून तुलनेसाठी तिथली पद्धत मांडतो. कर्नेलने २०१६ मध्ये ४.८ आवृत्तीपासून डॉकबुक ही जुनी पद्धत सोडून स्फिंक्सकडे जायला सुरुवात केली. त्या डॉक्युमेंटेशनची देखरेख जोनाथन कॉर्बेट करतात. मला तिथली सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट अशी की फंक्शनचे वर्णन सी भाषेच्या फायलीतच, त्या फंक्शनच्या डोक्यावर, एका तिरप्या रेघेने आणि दोन ताऱ्यांनी सुरू होणाऱ्या टिप्पणीत लिहिलेले असते. कोणी फंक्शनला एक नवा घटक जोडला आणि टिप्पणीत त्याची नोंद केली नाही, तर तपासणीत तो घटक वर्णनावाचून राहिल्याचा इशारा येतो. म्हणजे जुने झालेले वर्णन यंत्रालाच सापडते. जँगो या वेबसाइट बनवण्याच्या चौकटीतही डॉक्युमेंटेशन कोडच्याच रिपॉझिटरीत असते आणि नव्या सोयीबरोबर ते आले आहे का हे तपासणीच्या यादीत विचारले जाते. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या पुस्तिकेची जी एवढी ख्याती आहे तिचेही मूळ मला याच सवयीत दिसते.

क्यूजीआयएसने डॉक्युमेंटेशनची रिपॉझिटरी कोडपासून वेगळी ठेवली आहे. ती एकत्र असती तर पान आणि कोड एकाच पॅचमध्ये, म्हणजे बदलसंचात, बदलले असते, आणि या धाग्यात मांडलेली अडचण मुळातच कमी झाली असती, असे मला वाटते. यावर धागालेखकांचे मत काय?

धागालेखक, देवगड

तुमचा मुद्दा वजनदार आहे, आणि कोडमध्येच राहणाऱ्या वर्णनाच्या बाबतीत तो निर्विवाद आहे. पण कर्नेलची ती पाने वाचणारा प्रोग्रामर असतो; क्यूजीआयएसची वापरपुस्तिका वाचणारा आणि दुरुस्त करणारा बहुधा प्रोग्रामर नसतो. रिपॉझिटरी वेगळी असल्यामुळे सी प्लस प्लसचा अवाढव्य कोड न उतरवता, त्याची बांधणी न करता, केवळ मजकुरावर काम करता येते. मालवणच्या मित्रांनी वर जी अडचण सांगितली ती पाहता आपल्यासाठी हे वेगळेपणच सोयीचे आहे. त्याची किंमत म्हणजे पान आणि कोड यांच्यातला दुवा सैल राहतो, आणि तो लेबलांनी आणि इश्यूंनी सांधावा लागतो. जिथे यंत्राला तपासता येईल तिथे क्यूजीआयएसही यंत्रावर सोपवते: पायक्यूजीआयएसच्या, म्हणजे क्यूजीआयएस पायथॉनमधून वापरण्याच्या, कुकबुकातील कोडचे नमुने डॉकटेस्ट या साधनाने खरोखर चालवून पाहता येतात, आणि अपेक्षित उत्तर आले नाही तर ते लगेच कळते. परंतु ‘या बटणावर क्लिक करा’ हे वाक्य खरे आहे की नाही, हे कोणतेही यंत्र आज आपल्याला सांगत नाही. तिथे माणूसच लागतो, आणि तो माणूस कोकणात बसलेला असला तरी चालतो, यासाठीच हा धागा आहे.

चित्रांबद्दल एक गोष्ट राहिली होती. पडद्याची चित्रे सर्वांत लवकर जुनी होतात आणि त्यांतली अक्षरे गेटटेक्स्टमध्ये येत नाहीत. म्हणून चित्र गरजेपुरते, कापून लहान केलेले असावे, आणि जे दोन वाक्यांत सांगता येते त्यासाठी चित्र देऊच नये.

प्रतिसाद, रत्नागिरी

मी प्रशिक्षण पुस्तिका वर्गात वापरते. तिच्यातली सरावाची माहिती दक्षिण आफ्रिकेतील स्वेलेंडम या गावाच्या परिसराची आहे. विद्यार्थ्यांना ते गाव परके वाटते. भाट्ये खाडी, मिऱ्या बंदर, कातळसडे असे काही समोर आले की तेच विद्यार्थी आपणहून प्रश्न विचारू लागतात. कोकणची माहिती घालून ती प्रकरणे बदलून पाठवली तर प्रकल्प ती स्वीकारेल का?

धागालेखक, देवगड

मूळ पुस्तिकेतली माहिती बदलून पाठवू नये, कारण तिच्यावर सगळे सराव, सगळी उत्तरे आणि सगळी भाषांतरे उभी आहेत. पण आपल्यासारख्यांचा विचार त्या पुस्तिकेने आधीच केलेला आहे. शिकवणाऱ्यांसाठी त्यात सरावाची माहिती तयार करण्याचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. ओपनस्ट्रीटमॅपवरून आपल्या गावाचे रस्ते, इमारती आणि पाण्याच्या जागा घेऊन तोच सराव आपल्या परिसरावर कसा बसवायचा, ते तिथे दिले आहे. तुम्ही हे प्रकरण पायरीपायरीने रत्नागिरीसाठी करून पाहिले, आणि जिथे पायरी चालली नाही तिथे नेमके काय केले हे टिपून ठेवले, तर त्या टिपणातून निघणाऱ्या दुरुस्त्या जगभरातल्या शिक्षकांच्या कामी येतील. हे प्रकरण फक्त शिकवणारेच उघडतात, त्यामुळे ते तपासणारे डोळेही कमी असतात, आणि म्हणूनच तुम्ही ते घ्यावे असा माझा आग्रह आहे.

प्रतिसाद, वेंगुर्ले

भाषांतराची चर्चा झाली म्हणून दोन तांत्रिक गोष्टी लिहितो. मराठीत काम सुरू करणाऱ्याने त्या आधीच जाणून घ्याव्यात.

पहिली अशी की रीस्ट्रक्चर्ड टेक्स्टमध्ये, म्हणजे स्फिंक्सच्या फायली ज्या लेखनपद्धतीत असतात तीत, बटणाचे किंवा मेनूचे नाव बॅकटिकमध्ये (`) लिहितात, आणि बंद होणाऱ्या बॅकटिकनंतर मोकळी जागा किंवा विरामचिन्ह असणे बंधनकारक आहे. आपण मात्र विभक्तीचा प्रत्यय शब्दाला चिकटवून लिहितो. ‘बफर’ बॅकटिकमध्ये घालून त्याला लगेच ‘चा’ किंवा ‘वर’ जोडले, की स्फिंक्सला ती खूण ओळखता येत नाही आणि पानावर बॅकटिक जसेच्या तसे उमटतात. यासाठी बॅकटिक आणि प्रत्यय यांच्यामध्ये उलटी तिरपी रेघ आणि एक मोकळी जागा द्यावी. ती जागा छापील पानावर दिसत नाही आणि प्रत्यय शब्दाला चिकटूनच येतो.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. स्फिंक्सच्या पानांतली शोधसोय मराठीसाठी तयार केलेली नाही. मजकुराचे शब्द पाडताना ती केवळ अक्षरे आणि अंक धरते, आणि युनिकोड या अक्षरसंकेतांच्या मानकात काना, मात्रा, वेलांटी ही चिन्हे अक्षरांच्या वर्गात मोडत नाहीत. परिणामी ‘किनारा’ या शब्दाचे क, न आणि र असे सुटे तुकडे पडतात. भाषांतर कितीही उत्तम केले तरी वाचणाऱ्याला शोधून ते पान सापडणार नाही. स्फिंक्समध्ये नव्या भाषेची शोधपद्धत बाहेरून जोडण्याची सोय आहे. निदान चिन्हांसह अखंड शब्द पाडणे, आणि जमल्यास ‘बागेत’, ‘बागेचा’, ‘बागा’ हे सगळे ‘बाग’पाशी आणणे, एवढे काम पायथॉन येणाऱ्या कोणी हाती घेतले तर ते एका क्यूजीआयएसपुरते राहणार नाही, स्फिंक्सवर बांधलेल्या प्रत्येक मराठी पुस्तिकेला त्याचा उपयोग होईल.

प्रतिसाद, दापोली

वेंगुर्ल्याचा प्रतिसाद वाचून क्रमाबद्दलचे माझे मत बदलले आहे. माझ्याकडच्या विद्यार्थ्यांपैकी दोघांना पायथॉन चांगले येते. शोधाचे काम मी त्यांच्यापुढे ठेवते. बाकीच्यांनी ‘जीआयएसची सोपी ओळख’ या भागातील निर्देशांक प्रणालींचे प्रकरण घ्यावे असे वाटते. ते विवेचनाचे असल्याने मेनू बदलले म्हणून जुने होत नाही, आणि ५०० मीटरच्या पट्ट्याचे उदाहरण समजायला तेच आधी वाचावे लागते. तिथे भाषांतर लगेच सुरू करायला हरकत नसावी ना?

धागालेखक, देवगड

काहीच हरकत नाही. जे पान सावकाश जुने होते तिथून भाषांतर सुरू करणे हेच योग्य. फक्त सुरुवातीला एकदा सर्वांनी ते प्रकरण इंग्रजीत वाचून घ्यावे, आणि अर्थाची काही अडचण दिसली तर ती आधी दुरुस्तीला पाठवावी.

आतापर्यंतची वाटणी अशी दिसते: प्रशिक्षण पुस्तिकेतील माहिती तयार करण्याचे प्रकरण रत्नागिरीकडे, निर्देशांक प्रणाली आणि शोधाचे काम दापोलीकडे, बफर आणि त्याच्या शेजारची व्हेक्टर साधने माझ्याकडे. मालवणच्या मित्रांनी नेटशिवायच्या बांधणीची कृती स्वतः करून पाहावी आणि त्यात जे अडेल ते इथे लिहावे, कारण ते वाचनफायलीतच (रीडमी) दुरुस्त व्हायला हवे. दुरुस्ती पाठवताना कोणत्या आवृत्तीवर आणि कोणत्या ऑपरेटिंग सिस्टिमवर पायरी तपासली हे पुल रिक्वेस्टमध्ये अवश्य नमूद करावे. तपासणाऱ्याचा निम्मा वेळ त्याने वाचतो. एका पुल रिक्वेस्टमध्ये एकाच पानाचा बदल ठेवावा. दीर्घ मुदतीच्या आवृत्तीतही तीच चूक असेल तर तसे लिहावे, म्हणजे देखरेख करणारे ती दुरुस्ती त्या ब्रांचवरही नेऊ शकतात. पुल रिक्वेस्टचा क्रमांक या धाग्यात दिला तर पाठवण्याआधीची इंग्रजी भाषा पाहून द्यायला मी तयार आहे.